हलवलं की नक्कल?

१२ जानेवारी

भोंग्या,

सुखी राहा. आधी शिव्या, मग ख्यालीखुशाली. तुझं मागचं पत्र दीड पानाचं होतं आणि त्यातलं एक पान तुझ्या गुडघ्यांवर. मेल्या, चाळिशीत गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे, माझे तर दुखून दुखून थकले. मला बातम्या हव्यात. मोबाइलवर तू "हो", "बरं", "बघतो" याच्या पलीकडे जात नाहीस, आणि फोनवरचं मला धड कळत नाही. म्हणूनच आपलं ठरलंय ना, पत्र म्हणजे पत्र? मग नीट लिही.

इकडे पाळणाघरात दोन नवी बाळं आलीत. एक शहाणं, गप्प पडून पंख्याकडे बघत असतं. दुसरं म्हणजे तुझा अवतार. तू जन्मलास तेव्हा सगळी गल्ली जागी व्हायची, म्हणून तुला भोंगा हे नाव मी ठेवलं. हा तुझ्याही वरचा. तान्ह्यांची खोली अजून माझ्याकडेच आहे. कोण रडलं, भुकेनं की झोपेनं, हे मी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगते. मालकीणबाई परवा म्हणाल्या, "ऐकू येणाऱ्या बायकांना कळत नाही ते तुम्हाला कसं कळतं हो?" मी म्हटलं, "फुकट मिळालेल्या कानाची कुणाला किंमत असते? माझा विकतचा आहे."

आता कामाचं. तुझ्या हॉस्पिटलातल्या कानवाली मॅडमनी मला लिहिलंय की तुम्ही लोक सगळी कॉम्प्युटरं बदलताय. माझ्या कानामागच्या डबीत माझ्या कानाचं माप ज्या प्रोग्रॅममधून भरतात, तो बनवणारी कंपनी कधीच बुडाली. तो प्रोग्रॅम म्हणे तुझ्या ताब्यातल्या एका म्हाताऱ्या मशीनवर चालतो आणि तुम्ही त्याला आजोबा म्हणता. हे मला दुसऱ्यांकडून कळावं? इतकी वर्षं मी त्या आजोबांच्या जिवावर ऐकतेय आणि तू मला त्यांची ओळखही करून दिली नाहीस.

भोंग्या, त्यांना नीट सांभाळ. मला नवी डबी चालत नाही, तिला डोक्यातला भागही नवाच लागतो, हे तुला माहीत आहे. तापानं कानाच्या आत हाड भरलंय, डोक्यातला भाग बदलायचा म्हटलं तर डॉक्टर हात जोडतात. माझ्यापुरतं एवढंच आहे, हे आहे तर आहे.

तुझ्या घरच्या राणीसरकारांना नमस्कार सांग.

तुझी ताई

२८ जानेवारी

ताई,

पाया पडतो. हे घे, चार पानं. गुडघ्यांचं नाव काढणार नाही.

आजोबांची ओळख करून देतो. आमच्या तळघरातला सर्व्हर म्हणजे एक मोठी इमारत समज. तिच्यात चाळीसेक बिऱ्हाडं. प्रत्येकाला वाटतं आपण स्वतंत्र बंगल्यात राहतोय, पण भिंती, वीज, पाणी सगळं एकच. या बिऱ्हाडांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरं यंत्र नाही, यंत्राचं सोंग. आजोबा हे त्यातलं सगळ्यात जुनं बिऱ्हाड. बाकीचे दर दोन वर्षांनी रंगरंगोटी करून घेतात, आजोबांना कुणी हात लावत नाही. कारण त्यांच्या पोटात तुझा प्रोग्रॅम आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालत नाही.

आता झालंय असं, की इमारत भाड्याची आहे आणि भाडं मार्चमध्ये संपतंय. नवीन इमारत आली, नवीन सॉफ्टवेअर आलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये आजोबा यादीत दिसतात, पण चालू करायला गेलं की ते म्हणतं, हे फार जुनं आहे, आधी याला वर आणा. त्याला अपग्रेड म्हणतात. आणि ताई, एकदा अपग्रेड केलं की मागे फिरणं नाही. नवं झालेलं मशीन जुन्या इमारतीत पुन्हा उभं राहत नाही.

घाबरू नकोस. तुझा भाऊ ताकही फुंकून पितो. मी आजोबांना हलवणारच नाही, त्यांची हुबेहूब नक्कल करणार. नक्कल नव्या घरी जाईल, अस्सल आजोबा जुन्या घरी झोपून राहतील. नक्कल नीट चालली की मगच पुढचं.

फक्त एक अडचण आहे. प्रोग्रॅम उघडतो की नाही हे मी बघू शकतो, पण डबी जोडून माप भरल्याशिवाय खरी तपासणी होत नाही. त्याला माणूस लागतो, कान लागतो. जुन्या डबीवाले आता मोजकेच उरलेत, बाकीच्यांनी नव्या बसवून घेतल्या. मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंनाच बोलवा ना. त्या स्वतः मार्चभर रजेवर आहेत, लेकीचं बाळंतपण आहे. तेव्हा तू फेब्रुवारीत ये, नक्कल मी तेव्हाच चालू करतो. दोन दिवस राहा. तपासणीही होईल, तुझं वर्षाचं मापही होईल, आणि राणीसरकार तुझ्याकडे माझ्या तक्रारी करतील. येतेस ना?

तुझा
भोंगा

१५ फेब्रुवारी

भोंग्या,

सुखी राहा. पत्र दोनदा वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. हे म्हणाले, "एकदा गेलं की परत फिरता येत नाही, म्हणजे आजोबांचं लग्नच लावतोय की तुझा भाऊ." सांगून स्वतःच हसले. मीही हसले. यांना कोण सांगणार, की मुलीला निदान माहेर असतं.

माझं येणं आत्ता काही जमायचं नाही रे. पाळणाघरात एक बाई सोडून गेली, रजा मागायची सोय नाही. आणि खरं सांगू का, मला गरजही वाटत नाही. माझी डबी मस्त चाललीय. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, आणखी काय पाहिजे? वर्षाचं माप मेमध्ये घेऊ, तेव्हा पोरांच्या घरी आज्या आलेल्या असतात, पाळणाघर निम्मं रिकामं असतं. तू कर तुझं काम. तू केलंस म्हणजे ते नीटच असणार, त्याला माझा कान कशाला जोडायला हवा?

इथे मी बसायची जागा बदललीय. आधी खिडकीशी बसायचे, आता पाळण्यांच्या मधोमध स्टूल टाकलंय. उजेड बरा येतो. आपला नवा भोंगा दात येतायत म्हणून दिवसभर किरकिर करतो, त्याच्या पाळण्याच्या कठड्यावर मी हात ठेवूनच बसते. हात ठेवला की तो शांत होतो. मालकीणबाई येऊन जाऊन डोकावतात. डोकावू देत बापड्या, त्यांचंच पाळणाघर आहे.

तुझ्या आजोबांना नवं घर लाभो. जमेल तेव्हा लिही, माझी काळजी करत बसू नकोस.

तुझी ताई

३ मार्च

ताई,

पाया पडतो. झालं! आजोबा नव्या घरी पोचले.

रविवारी तळघरात मी एकटाच होतो. सगळ्यांत शेवटी आजोबांना घेतलं. चालू करायची कळ दाबली, तर नव्या सॉफ्टवेअरनं मला एकच प्रश्न विचारला: हे मशीन तुम्ही हलवलंत की याची नक्कल केलीत? आता आपण नक्कलच केली होती. मी "नक्कल केली" असं खरं उत्तर दिलं. लहानपणी तुझ्या हातचे रट्टे खाल्लेत, खोटं बोलायची हिंमत कुठून आणू? मग अपग्रेड झालं, आजोबा खोकत खोकत उठले, आणि यादीत त्यांच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. तुझा प्रोग्रॅम उघडून बघितला. पहिली खिडकी आली, तीच जुनी, निळी, तुला आवडते ती. मी खुर्चीत बसून मोठ्यानं हसलो, तळघरात वेडा वाटलो असेन.

दोन आठवडे वाट बघायचा विचार होता. पण साहेब म्हणाले, भाडं संपतंय, जुनी इमारत परत द्यायची आहे, सगळं हिरवं आहे तर थांबलायत कशाला? सगळं हिरवं होतं हे खरंच. तूही म्हणालीस की तुझं छान चाललंय. मग काल गाडी आली. जुन्या डिस्क आमच्या समोरच यंत्रात घालून त्यांचा भुगा केला. पेशंटांची माहिती असते ना, तसा नियमच आहे. मी सही केली. इतक्या वर्षांचं काम, चुरा होऊन पोत्यात गेलं. पण आजोबा नव्या घरी सुखरूप आहेत म्हणून बरं वाटलं.

हॉस्पिटलनं आमच्या विभागाचं कौतुक केलं. मोठ्या सभेत साहेबांनी माझं नाव घेतलं. घरी येऊन सांगितलं, तर राणीसरकार म्हणाल्या, "आता तरी गॅलरीतला नळ दुरुस्त करा."

मेमध्ये ये. आजोबांना भेटवतो.

तुझा
भोंगा

२० एप्रिल

भोंग्या,

सुखी राहा. हे पत्र लिहायला मी आठ दिवस टाळाटाळ केली.

माझी डबी गेली. बंद पडली. आणि ती अचानक गेली नाही, हे आधी तुला सांगते. डिसेंबरपासूनच आवाज बसत चालला होता. कधी खरखर, कधी अर्धेच शब्द. घड्याळाच्या टिकटिकीचं मी तुला खोटं लिहिलं. मालकीणबाईंना शंका आली होती, त्यात मी रजा मागून कानासाठी जाते म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे खोली काढून घेतली असती. आणि तूही "ताई, आता पुरे, घरी बस" म्हणाला असतास. म्हणून नाही आले.

आता पूर्ण शांत आहे. तापानंतरच्या पहिल्या वर्षी होतं तसंच. त्यांनी मला तान्ह्यांच्या खोलीतून काढलं. मागच्या बाजूला धुणं आणि घड्या. वाईट नाहीत त्या, हात धरून समजावलं, कागदावर लिहून दिलं: जूनपर्यंत कान परत आला तर खोली तुमचीच. पोरं मला दारातून दिसतात. तोंडं उघडलेली दिसतात. कुठलं हसतंय, कुठलं रडतंय, लांबून कळत नाही रे.

पण ऐक, मार्ग निघालाय. मॅडमनी मार्चमध्ये, रजेवर असतानाच, मला एका घरचा पत्ता दिला होता. तिथल्या मास्तरांकडे माझ्यासारखीच जुनी डबी होती. ते वारले. त्यांच्या बायकोनं डबी मला पोस्टानं पाठवली, कापसात गुंडाळून. जशीच्या तशी आहे, चालू आहे. फक्त तिच्यात मास्तरांच्या कानाचं माप आहे, ते पुसून माझं भरायचं. तुझ्या आजोबांना जोडलं की तासाभराचं काम. मी दोन तारखेला येते. यांनी तिकीट काढलंय. मला पत्ता माहीत आहे, स्टेशनवर यायची गरज नाही.

किती दिवसांनी बरं वाटतंय मला.

तुझी ताई

२६ एप्रिल

ताई,

पाया पडतो. घाईत आहे, माफ कर.

दोन तारखेला नको येऊस. विभागात रंगाचं काम काढलंय, सगळा पसारा आहे. शिवाय आजोबांची तब्येत जरा बरी नाही. किरकोळ आहे, मी बघतोय. घरीही जरा अडचण आहे. जूनमध्ये ये, नाहीतर जुलैत. मी कळवतो, तोवर तिकीट काढू नको.

ती मास्तरांची डबी जपून ठेव. कानाला लावू नको.

काळजी करू नको.

भोंगा

९ मे

भोंग्या,

तुझं पत्र वाचून मला वाटलं, घरची अडचण म्हणजे राणीसरकार. माझं दोन दिवसांचं येणं तिला जड झालं असेल. मी यांच्यापाशी तिला नाही नाही ते बोलले. लॉजवर राहीन पण भावाच्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही, असंही म्हणाले. तिची माझ्या वतीनं माफी माग. तिला बिचारीला कशाचा पत्ताही नसणार.

मी आले होते. दोन तारखेला, ठरल्याप्रमाणे. तुला कळवलं नाही.

विभागात रंगबिंग काही नव्हता. मॅडमनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मी डबी टेबलावर ठेवली. त्या काहीतरी बोलत होत्या, मी मानेनं "नाही कळत" म्हटलं. मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला, आजोबांची ती निळी खिडकी उघडली, डबीला वायर लावली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, मशीनची ओळख पटत नाही, प्रोग्रॅम कायमचा बंद करण्यात आला आहे. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं: "मी रजेवरून आले तेव्हाच लक्षात आलं. तुमच्या भावाला माहीत आहे. त्यांनी खूप प्रयत्न केले."

मी विचारलं, "दुरुस्त कधी होईल?" मला स्वतःचा आवाज येत नव्हता, बहुतेक ओरडलेच असेन, कारण बाहेरची माणसं आत बघायला लागली. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

मग मी जिना उतरून तुझ्या तळघराशी आले. काचेतून तू दिसलास. पाठमोरा. टेबलावर डब्याचं झाकण उघडं, जेवण तसंच. तुझे खांदे हलत होते. तू रडत होतास की कुणाशी बोलता बोलता हसत होतास, हे मला कुठून कळणार? तेवढं कळण्यापुरताही आवाज माझ्याकडे नव्हता. मी थोडा वेळ उभी राहिले आणि स्टेशनवर गेले.

तू मला लिहायला हवं होतंस. तू बोलला नाहीस, म्हणून मी त्या टेबलापाशी नवी नवरी येऊन बसावी तशी हसत बसले होते. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

ताई

१७ मे

ताई,

पाया पडतो म्हणायलाही तोंड नाही.

मी रडत होतो. कुणाशी बोलत नव्हतो. तू काचेपलीकडे होतीस आणि मी वळून बघितलं नाही. आता दिवसभर माझी नजर त्या काचेकडेच जाते.

सगळं सांगतो, काही झाकत नाही. त्या रविवारी सॉफ्टवेअरनं विचारलं, हलवलं की नक्कल केली, आणि मी "नक्कल" म्हणालो. खरं तेच होतं. पण "नक्कल" म्हटलं की ते सॉफ्टवेअर मशीनला नवी ओळख देतं, नवा नंबर देतं, म्हणजे अस्सल आणि नक्कल यांच्यात गोंधळ होऊ नये. "हलवलं" म्हटलं असतं तर जुनाच नंबर राहिला असता. हे मला माहीत होतं ताई. पुस्तकात वाचलेलं होतं. बाकीच्या चाळीस बिऱ्हाडांना त्यानं काही फरक पडला नाही, म्हणून ध्यानातच आलं नाही. तुझा प्रोग्रॅम मात्र मशीनचा जुना नंबर बघून चालायचा. चोरी होऊ नये म्हणून त्या बुडालेल्या कंपनीनं तशी सोय करून ठेवली होती. त्याला नवा नंबर दिसला. त्याला वाटलं, आपल्याला कुणीतरी चोरून नेलंय. त्यानं आतून कडी लावून घेतली. बाहेरून ठिपका हिरवाच. पहिली खिडकी उघडते, पण डबी जोडली की नाही म्हणतो. आणि डबी जोडून मी बघितलंच नव्हतं.

एप्रिलमध्ये मॅडम रजेवरून आल्या तेव्हा कळलं. मी आजोबांना जुना नंबर परत दिला. उपयोग नाही, कडी एकदा लागली ती लागली. अपग्रेडच्या आधी एक स्नॅपशॉट घेऊन ठेवला होता, म्हणजे मशीनचा त्या क्षणाचा फोटो, पण तो मार्चमध्येच पुसला. फार दिवस ठेवला तर डिस्क भरते, पुसायचाच असतो. नव्या बॅकअपमध्ये सगळीकडे कडी लावलेलेच आजोबा. जुना बॅकअप जुन्या इमारतीबरोबर गेला. आणि अस्सल आजोबांचा भुगा माझ्या डोळ्यांदेखत झाला, सहीसकट.

हा प्रोग्रॅम वापरणारी सगळी हॉस्पिटलं शोधली. एकानं कळवलं, आमचं मशीन दोन वर्षांपूर्वीच टाकलं. बाकीच्यांना मी काय विचारतोय हेच कळलं नाही. कंपनीतला एक इंजिनियर सापडला, त्याच्या मुलानं लिहिलं की वडील गेले. साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, वाईट झालं, पण अहवालात सगळं हिरवं आहे, आता तो उघडायला नको.

मला वाटत होतं, कुठूनतरी काहीतरी मिळेल आणि तुला सांगायची वेळच येणार नाही. रोज वाटायचं, उद्या. म्हणून रंगाचं खोटं लिहिलं. तू मला मारलंस तरी चालेल, पण पत्र थांबवू नकोस.

तुला माझ्या हातानं बहिरं केलं ताई. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

मास्तरांची डबी मात्र लावू नको. तिच्यात त्यांच्या कानाचं माप आहे. मॅडम म्हणतात, फार त्रास होईल.

भोंगा

४ जून

भोंग्या,

डबी मी लावली. तुझं पत्र यायच्या आधीच लावली होती आणि आल्यावरही लावली. तू काय, कुणीही सांगितलं असतं तरी लावली असती. समोर चालू डबी पडलीय आणि मी मुकाट्यानं घड्या घालू?

पहिल्यांदा लावली तेव्हा डोक्यात कुणी पत्रा आपटला असं झालं. डोळ्यांतून पाणी आलं. मग हळूहळू सवय केली, रोज थोडी थोडी. ऐकू येतं रे, पण ते माझं नाही. मास्तरांना जसं ऐकू यायचं तसं काहीतरी, आणि तेही माझ्या डोक्यात नीट बसत नाही. हे बोलले तर टकटक. भांडं पडलं तरी टकटक. मी यांना म्हटलं, माझं नाव घ्या. त्यांनी घेतलं, दहादा घेतलं असेल. टकटक.

तरी मी मालकीणबाईंना सांगितलं, कान आला. हो, खोटं बोलले. त्यांनी खोली परत दिली. तीन दिवस मी ठणकणारं डोकं घट्ट बांधून बसले, टकटक झाली की धावले. एकदा धावले तर बाहेर कुणीतरी दार लावलं होतं. एकदा धावले तर काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी टकटक झाली, मी म्हटलं, दारच असेल, आणि घडी पुरी केली. मग मान वळवली. आपल्या नव्या भोंग्याचं बोट पाळण्याच्या कठड्याच्या फटीत अडकलं होतं. लाललाल झालं होतं. तोंड एवढं उघडं, श्वास अडकलेला. किती वेळ ओरडत होता देव जाणे, आणि मी त्याच्याकडे पाठ करून झबल्यांच्या घड्या घालत होते. बोट बरं आहे, सुजलं होतं ते उतरलं. पण मी त्याच दिवशी डबी काढली, मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले. त्या मागे धावल्या. मी वळले नाही.

तर आता मी घरी आहे. तू म्हणाला असतास तेच झालं.

तुझ्या पत्रात तू सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलंयस. तसं नाही. तू मला फेब्रुवारीत बोलावलं होतंस. मी आले असते, डबी जोडली असती, तर तेव्हाच कळलं असतं, आणि तुझे अस्सल आजोबा तेव्हा जुन्या घरात झोपलेले होते. तू विचारलं होतंस आणि मी टिकटिक ऐकू येते म्हणून लिहिलं. हे मला रोज आठवतं. तू मला दोष देत नाहीस त्याचं उलट जास्त लागतं. दे की जरा. आणि बाळा, आयुष्यभर खोटं बोलू नकोस म्हणून मी तुला बदडलं, पण नेमकं त्या मशीनपाशीच खरं बोलायचं होतं का रे?

रागावले नाही. म्हणजे रागावले, पण राग ठेवायला आता जागाच नाही, इतकं रिकामं झालंय सगळं. सकाळी उठते, चहा करते, चहा उकळतो त्याला आवाज नाही. हे रात्री येतात, लॅच उघडतात, मला कळत नाही, एकदम समोर माणूस उभा. दचकते. शेवटचं मी काय ऐकलं सांगू? माझ्या डबीतून, धडधाकट ऐकलेलं? मागच्या नळाखाली प्लास्टिकची बादली सरकवली, त्याचा घासल्याचा आवाज. मग गेलं. माहीत असतं तर काहीतरी बरं ऐकलं असतं. यांना काहीतरी बोलायला लावलं असतं. तुला फोन लावला असता, कळलं नसतं तरी.

माफीबिफीचं मागू नकोस, मला त्यातलं काही कळत नाही. पत्रं लिही, ती मी वाचेन. पण एकदा ये. सुट्टी काढ आणि इथे स्वयंपाकघरात माझ्यासमोर बस, उजेडात, आणि बोल. काहीही बोल, गुडघ्यांबद्दल बोललास तरी चालेल. मी ओठ वाचायला शिकतेय, यांच्याकडून थोडं थोडं जमतं. एकच कर, येताना मिशा काढून ये. तुझे ओठ त्यांच्याखाली झाकले जातात, आणि मला दुसरं काही उरलेलं नाही.

तुझी ताई